काजळीचा ठसा

पितळेचा एक बारीक कीस अंगठ्याच्या नखावर येऊन बसला होता, स्वल्पविरामाएवढा, आणि श्यामकांतराव नुसते त्याच्याकडे बघत होते — फुंकर मारायचाही कंटाळा. शेवटचा 'न' राहिला होता. तो झाला की परात पुरी. मनगट कालपासून ठणकत होतं, डोळ्यांपुढे मधूनच पाणी येत होतं, आणि ही हौस कुणाची? माझीच. बायको, सुशीला, म्हणाली होती, गोलबाजारात मशीनवाला बसतो, भांडं घेतानाच हां हां म्हणता नाव घालून देतो. पण जन्म शिक्के कोरण्यात गेलेल्या माणसाच्या नातीच्या रुखवतात मशीननं घातलेलं नाव? लोक काय म्हणतील... असं ते मोठ्यानं म्हणाले होते. लोकांचं निमित्त नेहमीच बरं पडतं.

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. कचेऱ्यांचे, कोर्टाचे, रेल्वेचे पितळी शिक्के त्यांनी कोरले. दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांचे हुद्दे. त्यात स्वतःचं नाव एकदाही नाही. कोरणाऱ्याचं नाव घालायची रीतच नसते. आणि शिक्क्यावरचं अक्षर वाचतं कोण? ते उलटं असतं. लोक वाचतात ते लाखेवर उमटलेलं. निदान एकदा, डोळे आहेत तोवर, आपलं नाव आपल्या हातानं घालावं आणि कुणीतरी ते तिथल्या तिथे, सरळ वाचावं — एवढंच हवं होतं. म्हणून परातीच्या आतल्या अंगाला, काठाखाली, वर 'चि. इरावतीस' आणि खाली 'श्यामकांत आजोबांकडून'.

त्यांनी कीस झटकला आणि कलम उचललं. कलम म्हणजे लिहायचं नव्हे, कोरायचं, पोलादी. वडिलांनी, बाबारावांनी, हातात दिलेलं. शिकताना चुकून सरळ अक्षर कोरलं की बाबाराव ओरडत नसत. तो तुकडा भंगाराच्या डब्यात टाकत आणि म्हणत, 'सुलटं केलंस.' तात्यापारा वस्तीतल्या त्या कामाच्या खोलीत याहून मोठी शिवी नव्हती. शेजारच्या छापखान्यातला भार्गव, खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवणारा, तोही उलट्या ओळी घडाघडा वाचायचा. चहाच्या वेळी तो यांचा शिक्का वाचे, हे त्याचा जुळवलेला फर्मा, आणि एकमेकांच्या चुका काढून दोघं मनसोक्त हसत... भार्गव गेला. छापखान्याच्या जागी मोबाईलच्या काचा बदलून देतात. खिळा, फर्मा, जुळारी — शब्द आहेत, पण बोलायचे कुणाशी? मनातल्या मनात बोलून माणूस दमतो.

'न' झाला. मग हात आपोआपच चालला. दिव्यावर धरलेल्या बशीची काजळी बोटानं अक्षरांवर फिरवली, पातळ कागद ठेवला, अंगठ्यानं दाबला, अलगद सोलला. शिक्का पुरा झाला की असाच ठसा बघायचा असतो. काळ्यावर पांढरं: श्यामकांत आजोबांकडून. स्वच्छ, सरळ, एक दांडासुद्धा कललेला नाही. जमलं बाबा, असं त्यांना वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी पाठ भिंतीला टेकली.

कागदावर सरळ आलं... म्हणजे परातीवर...

त्यांनी परात जवळ ओढली. भीती वाटली ती पुढेच, कारण तिथली अक्षरंही त्यांना सरळच दिसत होती. डोळे मिटून, उघडून, एकेक दांडा बोटानं चाचपावा लागला तेव्हा कुठे खात्री पटली. सगळं उलटं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते असं. त्यांना हसू आलं आणि मग इतकी लाज वाटली, की कान तापले.

"काहून असे बसून राहिले जी?" सुशीलाबाई दारात होत्या. त्यांनी परात उचलून उजेडात धरली. मग परात हळूच खाली ठेवली. "हा तर शिक्का झाला," एवढंच म्हणाल्या. पुसता येत नाही का, हे त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळलेलं होतं.

दुपारी इरावती रुखवताचं सामान न्यायला आली. लाडू कुणी केले, रुमाल कुणी विणले, सगळं हिंदीतून विचारून झालं. नात मराठी ऐकते आणि हिंदी बोलते, याची घराला सवय झालेली. परात हातात आली तशी ती थांबली. काठाखालच्या उलट्या अक्षरांवरून, वेलबुट्टीवरून फिरवावं तसं, बोट फिरवत गेली.

"आजोबा, ये बेल आपने बनाई? कितनी सुंदर है." मग परात इकडून तिकडून फिरवत म्हणाली, "और नाम? आपका नाम नहीं डाला?"

सुशीलाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. श्यामकांतरावांनी त्यांच्याकडे फक्त बघितलं.

"जागाच उरली नाही बेटा," ते म्हणाले.

ती गेल्यावर सुशीलाबाईंनी विचारलं, "सांगितलं काहून नाही पोट्टीले?" श्यामकांतरावांनी कलम पुसून ठेवलं. लाज होतीच, पण तेवढीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे परात आली, कुठल्याशा फ्लॅटच्या ओट्यावरची, आणि तिच्यातली कणीक. मऊ, लाखेसारखी. मळताना गोळा काठाशी दाबला जाईल आणि त्याच्यावर उठेल — श्यामकांत, अगदी सरळ. इरावती तेव्हा फोनवर कुणाशी बोलत असेल. तिनं बघावं, असं मला वाटतं का? सकाळी वाटत होतं, जिवाच्या आकांतानं. आता नक्की सांगता येईना. पुढच्याच मुठीत ते नाव कणकेत मिसळून जाईल, आणि ती मळत राहील.