सुभेदारांच्या दारातला कचरा

सुभेदार रजेवर घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं आणि पाय मागे घेतला. उंबऱ्याला लागून फाटकी पिशवी पडली होती. सडलेली भाजी, माशांची आतडी, बाळाचा वापरलेला डायपर. सगळ्याचं पाणी पायपुसण्यात मुरलं होतं.

बायको आतून बादली घेऊन आली. नाक न दाबता गुडघे टेकून पुसायला लागली. तिची ती सवयच त्यांना खुपली.

"हे रोजचं आहे?"

"रोज नाही. अधूनमधून. मीटिंग झाल्यापासून."

मग तिने सांगितलं. सीमेवर लढाई पेटली तेव्हा इमारतीच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला होता. तोफ धडाडली की लोक टाळ्या पिटायचे आणि चहाचा आणखी एक घोट घ्यायचे. पुढे मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी ठराव मांडला, लढाई शेवटपर्यंत चालू द्या, आमचा सरकारला पाठिंबा आहे. सगळ्यांचे हात वर गेले. हिचा गेला नाही. ती म्हणाली, "लढाई थांबवून बोलणी करावीत असं मला वाटतं. तिथे माझा नवरा आहे. तुमचं कोण आहे?" दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिच्या पाठीमागून कोणीतरी 'देशद्रोही' म्हणालं. मग पिशव्या सुरू झाल्या.

"मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"खंदकात बसून तुम्ही काय करणार होता?"

त्यांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं. छर्रा लागल्यापासून डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती, तरी पिळलं. "तुझं सगळंच मला पटतं असं नाही. मीटिंगमध्ये तरी बोलायला नको होतंस."

"मग कुठे बोलू? दवाखान्यात, पेशंटच्या तोंडात कापूस असताना?" ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती.

त्यांना हसू आलं. तेवढ्यात सेक्रेटरी जिना चढून आले. रुमाल नाकाला, पाय जपून टाकत.

"साहेब, रविवारी तुमचा सत्कार. मंत्री येतायत. इमारतीची शान आहात तुम्ही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनींना बरं नसेल, तर त्या घरी राहिल्या तरी चालेल."

"ती ठणठणीत आहे. हा कचरा कोण टाकतं?"

"पोरंसोरं असतील. मनावर घेऊ नका, साहेब. तो काही तुमच्यासाठी नव्हता हो."

लढाईत सुभेदारांनी सोबत्यांची प्रेतं उचलली होती, पण अशी शिसारी त्यांना कधी आली नव्हती. हा माणूस खरोखर त्यांना दिलासा देत होता.

"मी येणार नाही."

"साहेब, हा सैन्याचा मान आहे."

"मग त्या मानापायी एवढं पुसून घ्या," म्हणत त्यांनी फडकं पुढे केलं. सेक्रेटरी आल्या पावली उतरून गेले.

रविवारी कार्यक्रम झालाच. लाउडस्पीकरवर नवऱ्याचं नाव ऐकून ती खाली गेली. मंचावर खुर्चीत त्यांचा मोठा केलेला फोटो होता, पुढे फुलांचा ढीग. मंत्री मान झुकवून म्हणत होते, "या वीराचं बलिदान आम्ही वाया जाऊ देणार नाही." सेक्रेटरी शेजारीच उभे होते. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती मंचावर चढली, फुलं बाजूला सारली आणि फोटो काखेत मारला.

"वहिनी, कार्यक्रम चालू आहे," सेक्रेटरी दातओठ खात म्हणाले.

"ते जिवंत आहेत," ती म्हणाली. "वर मटार सोलतायत."

मागे एकजण फिसकन हसला. पुढच्या रांगेतून 'हाकला हिला' असं ऐकू आलं. ती सावकाश उतरून निघून गेली.

घरी तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातली मटारची शेंग सोलून टाकली.

"टाळ्या वाजल्या?"

"वाजल्या. तुम्ही मेलात तेव्हा सगळ्यात जास्त."

रजा संपण्याआधी त्यांनी दवाखान्याजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान लावताना नवी शेजारीण डोकावली. चांगली वाटली. पाणी भरायची वेळ सांगितली, मग सहज विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"बाहेरगावी नोकरीला असतात," ती म्हणाली.

सुभेदार मागेच कपाट सरकवत होते. त्यांनी ऐकलं आणि कपाट भिंतीला टेकवलं.