दांडी न सोडणारी बॅच

“काय बाई वास या पाण्याला! दवाखान्यात उतरल्यागत वाटतंय.”

ही कुरकुर माझ्याबद्दल होती, मित्रांनो. मी नाशिकमधला एक जुना पोहण्याचा तलाव आहे. वास येतो तो औषधाचा. मला साफ ठेवायला घालतात. तरी मनाला लागतंच.

मी नवा होतो तेव्हा माझ्या निळ्या फरशीचं केवढं कौतुक! कितीतरी पोरं माझ्यात मासोळ्या झाली. पुढे फरशा निघाल्या, शेवाळ धरलं, मला कुणी विचारेना. मग डागडुजी झाली आणि दुपारी बायकांची बॅच सुरू झाली.

या बायका उतरण्याआधी पाण्याचा हात कपाळाला लावतात. मला आजवर कुणी नमस्कार केला नव्हता, मी संकोचूनच गेलो. मग कडेची दांडी घट्ट धरून, नाक दाबून, रामकुंडावर मारतात तशा डुबक्या मारतात आणि म्हणतात, “झालं बाई पोहणं!” दोरीपलीकडे खोल पाण्यात कुणी जात नाही. “केस भिजतील,” म्हणतात. ओल्या केसांनीच!

मखमलाबादकडून फुलांच्या मळ्यातल्या गोजराबाई येतात. मळ्यात यंदा शेततळं झालंय आणि त्यांची नात वेदिका त्याच्या काठावर खेळते. त्या मात्र इथे दांडी सोडत नाहीत.

परवा शिकवणाऱ्या उज्वलाताई म्हणाल्या, “कुणी पोहतच नाही, म्हणून ही वेळ मुलांच्या सरावाला देतायत. या महिन्यानंतर बॅच बंद.”

मित्रांनो, तलाव नुसता घासून नीट राहत नाही. त्यात भीत भीत का होईना, माणसं उतरावी लागतात.

“सर्दी गेली की पोहू की,” बॅचमधल्या वत्सलाबाई पुटपुटल्या.

“कसली सर्दी, वत्सले? रोज डुबक्या मारती तू!” गोजराबाईंनी दांडीवरचा एक हात काढला. “माझ्या भावांना बापानं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहाया सोडलं. मला वर कपडे राखायला बसवलं. आता वेदिकाचा पाय शेततळ्यात घसरला, तर काय काठावर उभी राहून बोंबलू?”

दुसराही हात सुटला.

“मला पोहता येत नाय, उज्वला. लय भ्या वाटतं. शिकव मला.”