चार जिने

"गाडी परत पाठवा," सुपरवायझर म्हणाले, तसा काँक्रीटसाठी फळ्यांचे साचे उभारणारा सेंट्रिंगचा सुतार त्यांच्याकडे बघतच राहिला. काँक्रीटची गाडी फाटकातून आत शिरली होती आणि घटकाभरात लिफ्टच्या भिंती भरायच्या होत्या.

सुपरवायझरांना सगळे मास्तर म्हणत. निवृत्तीनंतरही त्यांना ठेवून घेतलं होतं ते एकाच गुणावर: नकाशा वाचताना ते चुकत नसत. नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नाही, लिहिलेला आकडाच वाचायचा, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की पोरं त्यांची नक्कल करत. आणि परवा त्यांनीच पट्टी ठेवली. कागदाच्या घडीवर लिफ्टच्या आतल्या लांबीचा आकडा पुसला गेला होता. मूळ नकाशा शेजारच्या इमारतीत वर कचेरीत, म्हणजे चार जिने. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, झोपेचं खोबरं झालेलं. पट्टी साडेबावीसशे मिलिमीटर म्हणाली. त्यांनी सुताराला तेच सांगितलं.

आज चहा पिताना त्यांनी सहज नकाशातल्या एका खांबावर पट्टी टेकवली. खांब सहाशेचा, आकडा ठळक लिहिलेला. पट्टी मात्र छत्तीसने कमी दाखवत होती. प्रत काढणाऱ्याने कागदावर मावावा म्हणून नकाशा आकसवला होता. म्हणजे लिफ्टची आतली लांबी चोवीसशे हवी होती, आणि सहा इंच कमी पडले होते. इमारत इस्पितळाची. आत स्ट्रेचर मावलं नसतं. मास्तर कप तसाच ठेवून फाटकाकडे निघाले होते.

इंजिनिअर बाई धावत आल्या. नकाशा वाचायला त्या मास्तरांकडेच शिकल्या होत्या. प्रतच खराब होती, असं सुतार दोनदा म्हणाला. मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"प्रत खराब होती. पट्टी मी ठेवली," ते म्हणाले.

बाईंनी गाडीवाल्याला हाताने खूण केली. गाडी माघारी गेली.

"काका, यापुढे मापं मी वाचते. तुम्ही नुसते जवळ थांबा."

याचा अर्थ मास्तरांना कळला. त्यांनी मान हलवली.

दुपारी चुकलेल्या साच्याच्या फळ्या निघाल्या. बाई मापं वाचत होत्या, सुतार टेप धरत होता. घडीपाशी आणखी एक पुसट आकडा आला. बाईंचा हात आपसूक पट्टीकडे गेला. मास्तरांनी ती आधीच उचलून खिशात टाकली.

"फोन करते वर," बाई म्हणाल्या.

"नको. डोळ्यांनी बघून येतो."

ते जिन्याकडे निघाले. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थोडा वेळ थांबले, मग पुन्हा चढू लागले.