अकरा ते साडेअकरा

लिलाबाई ओट्यावर येऊन बसली की ह्यांचा चेहरा खुलतो, हे मला कुणी सांगायला नको. मला डोळे आहेत.

आधी एवढं सांगते की ह्यांच्या हृदयात काही खोट निघाली नव्हती. मार्चमध्ये छातीत दुखलं म्हणून अँजिओग्राफी केली. उजव्या मनगटातून नळी घातली, अर्ध्या तासात बाहेर काढली आणि डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, धमन्या एकदम मोकळ्या आहेत." आमच्या मुलानं, रत्नदीपनं तर ऑफिसात पेढे वाटले. पण घरी आल्यापासून हे नवीनच सुरू झालं. चार ठोके सरळ पडायचे, पाचवा गायब, आणि मग पुढचा असा दणकन यायचा की हे बोलता बोलता थांबायचे. डॉक्टर म्हणाले, तपासणीनंतर काही जणांना असं जाणवतं, बहुतेक वेळा साधंच असतं, फक्त नाडी मोजत बसू नका. हे दिवसभर नाडी मोजत बसले. चहा सोडला, जिना सोडला, विहारात यायचं सोडलं. माझ्याशी बोलणंही जवळजवळ सोडलंच होतं. मी "कसं वाटतंय?" म्हटलं की "बरंय", आणि "बरंय म्हणजे कसं?" म्हटलं की भिंतीकडे तोंड.

लिलाबाईशी मात्र पटायचं.

ताम्हिणी घाटाच्या वर एक वस्ती आहे, तिथल्या शाळेत ह्यांनी अकरा वर्षं काढली. सोमवारी पहिल्या एसटीनं जायचे, शनिवारी दुपारी यायचे. पावसाळ्यात घाट बंद पडला की तो शनिवारही बुडायचा. मी इथं मारुंजीत सासू, सासरे, दोन म्हशी आणि रत्नदीपला सांभाळत बसले होते. लिलाबाई त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. अकरा वर्षं माझा नवरा तिच्या हातचं जेवला, हे मी विसरलेले नाही. आता तिचा पप्पू आमच्या मागच्या सोसायटीत माळीकाम करतो, म्हणून तीही इथं आली आहे. सकाळी रस्त्याच्या कडेला भाजी विकते आणि बरोबर अकराला रिकामी पाटी घेऊन आमच्या दारात हजर.

दिसायला काही नाही हो. वाळलेली, पुढचे दोन दात पडलेले, गुडघ्यावर हात ठेवून बसणारी बाई. तेच जास्त झोंबायचं. देखणी असती तर निदान समजलं तरी असतं.

"वैनी, पानी द्या," म्हणायची, तांब्या रिकामा करायची आणि सुरू व्हायची. "गुरुजी, धाकलूच्या पोरीला पोरगी झाली बगा. धाकलू, तो न्हाई का, पाटी डोक्यावं घेऊन पळायचा? लई गोरी हाय म्हनं. आन् वरच्या आळीला बिबट्या आलाता, कुत्रं न्हेलं. तुमच्या शाळंचं पत्रं उडाल्यात, पन पिपरनीचं झाड हाय अजून." हे डोळे अर्धे मिटून ऐकत राहायचे. मी स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरातच आपटायची. दोघांपैकी एकालाही ऐकू जायचं नाही.

दहा-बारा दिवसांनीही ठोके सुधारेनात, तेव्हा डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून एक डबी कमरेला अडकवली. अठ्ठेचाळीस तास काढायची नाही. सोबत एक छापील कागद दिला. धडधडलं की वेळ लिहायची, त्या वेळी काय करत होतात तेही लिहायचं. "कागद नीट भरा," डॉक्टर म्हणाले, "गोळी द्यायची का आणखी तपासायचं, ते ह्याच्यावरच ठरेल." ह्यांचं मनगट अजून काळंनिळं होतं, पेन धरलं की कळ यायची. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आता माझी चूक सांगते. मला वाटलं, डबी नुसते ठोके मोजते आणि कधी काय झालं ते डॉक्टर कागदावरच बघणार. मी शिक्षकाची बायको. साहेब तपासणीला आले की मुलांकडे बघायचे नाहीत, हजेरीपत्रकाकडे बघायचे, हे ह्यांच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलेलं. कागदावर आहे ते खरं, अशी माझी पक्की समजूत होती.

पहिल्या दिवशी लिलाबाई आली, बसली, तिची टकळी सुरू झाली. हे शांत होते. मी आतल्या खोलीत जाऊन लिहिलं: ११.०५, धडधड. ११.२०, जोरात धडधड, गरगरलं, लिलाबाई समोर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा: ११.१०, छातीत गोळा, लिलाबाई बोलत होत्या. लिहिताना वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मोठा डॉक्टरच सांगेल की त्या बाईला येऊ देऊ नका, मग मी वाईट ठरायचं कारणच नाही.

खरी धडधड झाली ती पहिल्या दिवशी रात्री. जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, "अकरा वर्षांत एकदा तरी मला त्या शाळंवं न्यावंसं वाटलं का तुमाला?"

"आता ते कशाला काढतीस?"

"मग कधी काढू? तवा म्हशी व्हत्या, आता वायरी हायेत."

"अगं, तितं ऱ्हायाला जागा न्हवती."

"तिला बरी व्हती जागा!"

ह्यांचा घास हातातच राहिला. डावा हात छातीवर गेला. "थांब जरा. लई धडधडतंय. वेळ लिही." घड्याळात आठ चाळीस झाले होते. पाणी दिलं, पाठ चोळली, वीस मिनिटांनी उतरलं. पण लिहिलं नाही. काय लिहिणार होते? बायको भांडत होती?

डबी परत दिल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. वाकडच्या दवाखान्यात आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरांच्या एका हातात माझा कागद, आणि समोर कॉम्प्युटर. बराच वेळ त्यांची नजर इकडून तिकडे फिरत राहिली.

"लिलाबाई कोण?"

ह्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि वाचला. तीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशी बघत होते.

"काही जुळत नाही गुरुजी," डॉक्टर म्हणाले. "मशीनमध्ये प्रत्येक ठोका वेळेसकट उतरतो. अकरा ते साडेअकरा, दोन्ही दिवस, एकसुद्धा ठोका चुकलेला नाही. झोपेत चुकलाय, पण तेव्हा नाही. आणि पहिल्या दिवशी आठ चाळीसला जादा ठोक्यांच्या रांगाच्या रांगा आहेत, तर तिथे कागद कोरा. त्या वेळी काय करत होता?"

माझे कान गरम झाले. झोपेतही ठोके सरळ नाहीत, म्हणजे माझ्या शेजारी झोपूनही नाहीत. एवढी शांतता त्या बाईपाशी! आणि त्याचा पुरावा मीच घड्याळ बघून, वेळ टाकून दिला होता.

"जेवत व्हतो," हे म्हणाले.

"काही जाणवलं नाही?"

"न्हाई. आणि अकराला जाणवलं ते मीच सांगितलं, तिनं लिवलं. माझाच घोळ झाला आसंल."

डॉक्टरांनी पेन उचललं. "मग मला जरा काळजी वाटते. एवढं होऊनही कळत नसेल तर गोळीवर भागवता येणार नाही. ॲडमिट होऊन आत तारा घालून पुन्हा तपासावं लागेल." आणि ते लिहायलाच लागले. हे तसेच मनगट मांडीवर ठेवून बसून राहिले, दुसऱ्यांदा नळी घालून घ्यायला तयार, माझी लबाडी झाकली जावी म्हणून.

"खोटं मी लिवलंय," मी म्हटलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"अकराचं समदं खोटं. त्यांना काय बी झालं न्हवतं. आन् आठ चाळीसला लई धडधडलं, वेळ लिही म्हनले व्हते मला. मी न्हाई लिवलं. मी भांडत व्हते त्यांच्यासंगं."

"कशावरून?"

"त्या बाईवरून."

डॉक्टर तरुण होते. हसले असते तर मी उठून गेले असते. ते हसले नाहीत. त्यांनी लिहिलेला कागद बाजूला सारला आणि नवीन घेतला. छोटी गोळी, सकाळी एक. महिन्यानं पुन्हा डबी. आत तारा घालायचं आत्ता नको. मग ह्यांना म्हणाले, "आणि अकरा ते साडेअकरा जे काय करता, ते रोज करत राहा." मी मान हलवली. दुसरं करणार काय होते?

परतीला रिक्षा केली. हिंजवडीच्या चौकात नेहमीसारखी गर्दी, पुढं सरकायचं नाव नाही.

"खोटं का बोललात डॉक्टरांपुढं?" मी विचारलं.

"तू खोटी पडली आसतीस."

खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. एवढं वाटलं की गप्प बसायचं सोडून मी पुढचं विचारलं. "तिच्यासंगं काय बोलता ओ तुमी रोज?"

"मी कुटं बोलतो? ती बोलती, मी ऐकतो."

"आन् माझ्यासंगं?"

ते बाहेरच्या टेम्पोकडे बघत म्हणाले, "तुला उत्तरं द्यावी लागत्यात गं."

रागानं म्हणाले असते तर मी उलटून बोलले असते. ते थकून म्हणाले. अकरा वर्षं दर शनिवारी दारात पाऊल टाकल्याबरोबर मी काय काय विचारायची, ते मला एकामागून एक आठवायला लागलं. उशीर का झाला, कुठं जेवलात, कुणी वाढलं. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. मग आणखी एक आला, तोही गिळला.

मारुंजीचा फाटा येईपर्यंत हे झोपले होते, डोकं माझ्या खांद्यावर टाकून. हे सुख काही लिलाबाईला मिळालेलं नाही, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच आलं, मिळालं असेल तर? घरासमोर रिक्षा थांबली, त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मी काय विचारते याची वाट बघत बसले.

मी काही विचारलं नाही.