भांडणारी गोळी, नांदणारी पुडी

जिन्यावर चपलांचा ढीग. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात शेजारणीची चप्पल घालून उतरलेल्या बाईला रस्ता ओलांडेपर्यंत पत्ता नव्हता.

चष्म्याच्या दुकानात वहिनी स्वतःचाच नंबर पुन्हा तपासते. नंबर तोच आहे.

पडद्याआडून घरघर. "गप्प बसा गं, माई समाधीत आहेत."

दादाचं मत: "बायकांच्या भानगडीत मी पडत नाही." मुलं दोन.

"गोळी पोटात जाऊन भांडते, पुडी पोटात जाऊन नांदते! बोला, गारवामाईंचा..."

आता नीट सांगते.

वहिनीला तिसरं मूल नको होतं. औषधाच्या दुकानातून आणलेली गर्भनिरोधक गोळी ती घ्यायची आणि मळमळ, चिडचिड, डोकेदुखी यांच्यासकट संसार करायची. कधीकधी डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ यायची, मग अर्धं डोकं ठणकायचं. दिवसभर चष्मेच विकत असल्यामुळे तिने दोष चष्म्याला दिला. दवाखान्यात सांगितलं, तर उत्तर आलं, "होईल सवय." शेवटी तिने गोळी सोडली.

त्याच सुमारास दुकानाच्या वरच्या मजल्यावर गारवामाई अवतरल्या.

माई हात हातात घेऊन ऐकायच्या. मग सुस्कारा सोडून म्हणायच्या, "बाळ, तुझ्या अंगात गोळीची आग आहे. माझ्या पुडीत नुसता गारवा. पाळणा लांबेल आणि पाळीसुद्धा मी सांगेन तेव्हाच येईल."

आणि यायची! एकवीस दिवस पुडी, सात दिवस विश्रांती, विश्रांतीत पाळी. माई तारीख सांगायच्या, तारीख खरी ठरायची. बायका म्हणायला लागल्या, एक वेळ घड्याळ चुकेल, माई चुकणार नाहीत.

"वन्सं, तुम्ही उगाच नाकं मुरडता," वहिनी मला म्हणाली. "पुराव्यानिशी चमत्कार आहे."

"मग डोकं का दुखतंय परत?"

"माई म्हणतात, जुन्या गोळीचं विष बाहेर निघतंय."

विष महिनोन् महिने निघत राहिलं. एकदा गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवताना वहिनीचा उजवा हात बधिर झाला. तोंड उघडं, शब्द नाही. मी तिला तशीच रिक्षात घालून डॉक्टरबाईंकडे नेलं. पोचेपर्यंत वाचा परत आली होती, पण ओठ पांढरे.

सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "गर्भनिरोधक गोळी घेता?"

"छे! गोळीला तर मी हात लावत नाही."

बाई लिहायला लागल्या. मी म्हटलं, "पुडी घेते."

"वन्सं!"

"कसली पुडी?"

वहिनीने अभिमानाने एकवीस आणि सातचा चमत्कार सांगितला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"दैवी शक्तीला आठवडाभर सुट्टी कशाला हो लागते? सुट्टी गोळ्यांच्या पाकिटाला असते. एकवीस गोळ्या संपल्या, हार्मोन थांबले, की दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो. तारीख माई सांगत नाहीत, पाकीट सांगतं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "डोळ्यांपुढे रेघ येऊन डोकं दुखणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गोळी घेतली, तर पक्षाघाताचा धोका वाढतो. दोन लेकरं आहेत तुम्हाला. पुडी आजपासून बंद."

"पण माईंनी तर महिनाअखेरची तारीख दिलीय."

"बघू या की. पाळी माईंचं ऐकते की पुडीचं?"

पाळीने पुडीचं ऐकलं. तीन दिवसांतच आली; महिनाअखेर अजून लांब होती.

डॉक्टरबाई, वहिनी आणि मी, आम्ही तिघी माईंचा जिना चढलो. माई गर्दीसमोर आसनावर. वहिनीने तारखेचं सांगितलं.

"श्रद्धा कमी पडली," माई म्हणाल्या.

"पुडी कमी पडली," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पडद्यामागे घरघर सुरू झाली. माई आमच्यासमोर बसलेल्या आणि समाधी आत चालू! एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं बया, माई इथे आणि घोरतंय कोण?"

मी पडदा ओढला. मिक्सर. भांड्यात पांढरी पूड, शेजारी पिठीसाखरेचा डबा आणि पोतंभर रिकामी गोळ्यांची पाकिटं.

"मी आयुष्यात कुणाला गोळी दिलेली नाही!" माई ओरडल्या.

शब्दाला बाई खरी होती. तिने फक्त पूड दिली होती. आम्ही 'गोळी नको' म्हणत राहिलो आणि गोळीत काय आहे, ते विचारायला विसरलो.

पुढे औषध निरीक्षकाने पुड्या तपासायला पाठवल्या. हार्मोन तेच. एका पुडीत दुप्पट, दुसरीत नुसती साखर. पुडी घेऊनही दोघींना दिवस कसे राहिले होते, त्याचाही उलगडा झाला. माईंनी त्यांना 'मन मलिन' म्हणून हाकललं होतं.

पण त्या दिवशी गर्दीतली एक बाई म्हणाली, "काही म्हणा, माई आमचं ऐकून तरी घ्यायच्या. तुम्ही लोक 'सवय होईल' म्हणता."

"ते आमचं चुकलंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग तिथेच, आसनाच्या कडेला टेकून, त्या बोलल्या. गर्भाशयात बसवायच्या तांबीत हार्मोन नाही, पण सुरुवातीला पोट दुखतं, अंगावरून जास्त जातं. कंडोम दर वेळी आणि नीट वापरावा लागतो. एकाच हार्मोनच्याही गोळ्या असतात, त्या कुणाला चालतील ते तपासून ठरतं. मूल नकोच असेल तर नसबंदी, आणि पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्यापेक्षा सोपी. बिनत्रासाचं, सगळ्यांना चालणारं एकही साधन नाही. तसं आहे म्हणणारा माणूस काहीतरी विकत असतो.

मी एवढंच जोडते. औषधाने त्रास झाला तर सोसू नका आणि पुडीकडेही पळू नका. समोरच्याला विचारा: यात काय आहे? माझ्या शरीराला चालेल का? नाही चाललं तर दुसरं काय? उत्तराऐवजी यमक ऐकू आलं, तर चपला घाला आणि जिना उतरा.

वहिनीने तांबी बसवून घेतली.

लग्न झालं त्याच महिन्यात तिने दादाला कंडोम आणायला सांगितलं होतं. दुकानात मागायला लाज वाटते, म्हणून त्याने आणले नाहीत.