सौरवनं लावलेला लॅपटॉप

सौरव दवाखान्यात गेला तेव्हा त्याचा लॅपटॉप सुरूच होता, आणि तिथंच तो वारल्यावरही कोणी बंद केला नाही. बॅटरी तर आधीच मेलेली. सगळा जीव भिंतीतल्या प्लगवर. लाइट गेली तर इन्व्हर्टर सांभाळून घ्यायचा. मधल्या खोलीत टेबलावर त्याच्या बारीक पंख्याची घरघर दिवसरात्र चाले. अखंड दिवा राखावा तसा सौरवच्या आई, रुख्मिणीबाई, तो राखत. दुपारी चहा घेऊन समोर बसत आणि पडद्याशी बोलत. "इतवारीत गेलती रे आज. तुहा चंपतमामा भेटला. तसाच कंजूस हाय अजून."

सौरवच्या बायकोला, हिमानीलाही वाटायचं, आत कोणी ऐकतंय. घरघर जरा वाढली की तिचा कढईतला झारा थबकायचा. त्यांची छोटी लेक रितिका तर त्या आवाजाशिवाय झोपतच नसे.

त्या दुपारी जळका वास आला. हिमानीनं वाकून पाहिलं. प्लग काळा पडला होता, पिनेजवळचं प्लास्टिक वितळून बोर्डाला चिकटलेलं. रितिका रांगत तिकडेच निघाली होती. हिमानीनं तिला उचलून कडेवर घेतलं.

"आई, आता काढावंच लागते. पोरगी हात लावन."

"बोर्डाले खुर्ची आडवी लाव."

"घर पेटन, आई. नवीन चार्जर आणून ठेवला ना मी जरीपटक्याहून. दुकानवाला म्हणे, फोटोगिटो सगळे राहतात."

"फोटो कोण मागून राहिलं वं तुले?" रुख्मिणीबाईंचा आवाज खाली आला. "हा त्यानं लावला हाय. एकदा बंद झाला, का मग लावणारे आपण. त्यानं लावलेलं या घरात मग काय उरन?"

तेवढ्यात प्लगमधून चर्र झालं. रितिका दचकून तिच्या गळ्याला बिलगली. हिमानीनं बटणाकडे हात नेला.

"थांब."

"आता काहून, आई?"

"तिथं दवाखान्यात मले आत जाऊ नाही देलं. इथं तरी जवळ राहू दे."

त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि दोन्ही तळवे लॅपटॉपवर ठेवले. मग मान हलवली. हिमानीनं बटण खाली केलं.

पडदा काळा झाला. पंखा मात्र थांबला नाही. थांबायला हवा होता. दमल्यासारखा फिरत राहिला. संपला म्हणावं तर आणखी एक घरघर येई. रुख्मिणीबाई पुटपुटत होत्या, "जाय बाबू. जाय आता. मी हावो ना इथं."

मग काहीच ऐकू येईना. रितिकानं टेबलाकडे हात पसरले, कोणी घ्यायला आलं की पसरायची तसे.

हिमानीनं डोळे पुसले, नवा चार्जर उचलला.

"थांब वं जरासक," सासूबाई म्हणाल्या. तळवे तिथंच होते. "अजून गरम हाय."