पांढरीवरची हाक

माथ्यावर वैशाखाचं पिसाळलेलं, रक्तवर्णी ऊन. नदीच्या वळणावर पांढऱ्या मातीचं उंच, उघडंबोडकं टेकाड. टेकाडाखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं नगर निजलंय. निजलंय कसलं, कापून, जाळून, गाडून टाकलंय.

लोक बसा भरभरून लेण्यांना जातात, मूर्तीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात आणि इतिहास पाहिला म्हणून घरी परततात. परतू देत बापडे. इथे मूर्ती नाही, कमान नाही, तिकीट नाही. इथे माती आहे, आणि मातीत वीतभर जाडीचा एक तांबडाकाळा थर आहे. नगर जळालं त्या दिवसाचा.

त्या दुपारी एक पाहुणा आला. पाठीवर पिशवी, हातात वही. विसरलेली शहरं धुंडाळत पायी हिंडणारा. गावातला बब्रुवान तेव्हा घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, घालायला पांढरी माती खणत होता. खालची माती मऊ, म्हणून इथली माणसं टेकाडाचं पोटच कोरतात आणि वरचं ओझं तसंच लोंबकळत ठेवतात. वर त्याची बायको कुशावर्ता बसली होती. माथ्यावरच्या भेगेवर तिनं ज्वारीच्या पिठाची आडवी रेघ ओढली होती. रेघ तुटली म्हणजे भेग वाढली; मग हाक द्यायची, एवढंच तिचं काम.

"पाव्हणं, आत या. शहर कसं जळलं ते दावतो," बब्रुवान म्हणाला. दोघं कपारीत शिरले.

आत तो दिवस अजून धुमसत होता. कोळसा झालेले दाणे, तडकलेली मडकी, आणि राखेत रुतलेला एका बाईचा अस्थिशेष हात, मनगटात शंखाची बांगडी. टापांचा, तलवारींचा, पेटत्या छपरांचा, लेकरांच्या किंकाळ्यांचा तो दिवस. पाहुणा गुडघ्यांवर बसला आणि हलक्या बोटांनी राख झाडू लागला.

वर पिठाची रेघ तुटली.

"अहो!" कुशावर्तानं हाक दिली.

"आलो गं," आतून आवाज आला. भाकरीला बोलावलं की यायचा, तसाच निवांत.

भेग हातभर फाटली. "अहो! अहो!"

"थांब की जरा."

पळा म्हणायचं होतं, पण शब्द जिभेशीच मेला. आणि मग बावीस वर्षांत, उखाणा सोडून, जे कधी ओठांवर आलं नव्हतं ते छाती फोडून बाहेर आलं.

"बब्रुवान!"

नदीकाठी कपडे धुणाऱ्या बायांचे हात थांबले. परक्या माणसासमोर बायकोनं एकेरी नाव घेतलं! बब्रुवान अंगार होऊन बाहेर झेपावला, चढ चढला, आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली. त्याच क्षणी त्याच्या मागे नगर कोसळलं. थपडेचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही.

पाहुणा आतच होता. नवरा-बायकोची हाक, आपण कशाला मध्ये, असं त्याला वाटलं असेल.

मग माणसं धावली. आतल्या माणसाला फावड्याचा घाव बसेल म्हणून हातांनी माती उपसली. बब्रुवानची नखं उलटली, पांढरी माती लाल झाली. दिवस कलताना पाहुणा सापडला. तोंडात माती, मुठीत ती बांगडी.

"नाव काय याचं?" सरपंचांनी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मोबाइल मातीखाली. वहीत सतरा मेलेल्या शहरांची नावं होती, त्याचं नव्हतं.

"तुमाला हाक मारायला माझ्याकडं नाव हुतं," कुशावर्ता नवऱ्याला म्हणाली. "त्याला कसं बलवायचं हुतं मी? पाणी दिलं, पर नाव इचारलं न्हाई."

बब्रुवान खाली बसला आणि रडला.

मावळतीचा लाल प्रकाश तुटलेल्या कड्यावर पसरला, जळक्या थरावर पसरला, तिच्या गालावर उमटलेल्या पाच बोटांवर पसरला. वारा सुटला, आणि उरलीसुरली पिठाची रेघ कणाकणानं त्या अनामिक माणसाच्या अंगावर पडत राहिली.